मंगळाच्या चंद्रावरचे माहेरचे नाव

जुलै २०२० मधली गोष्ट. लॉकडाउनचे दिवस होते. कॉलेज बंद आणि शिकवणे मोबाइलवर. अशाच एका संध्याकाळी इस्रोने प्रसिद्ध केलेले एक छायाचित्र माझ्या मोबाइलवर आले. आपल्या मंगळयानाने १ जुलैला मंगळाच्या फोबोस नावाच्या चंद्राचा फोटो काढला होता. मी पडलो भूगोलाचा प्राध्यापक. मोठ्या कौतुकाने तो फोटो घरात सगळ्यांना दाखवत सुटलो.

आमच्या सौ.चे माहेर गोकाककडचे. एरवी ती माझ्याशी मराठीत बोलते, पण आश्चर्य वाटले की तोंडून कन्नडच बाहेर पडते. फोटो बघून ती म्हणाली, "आलूगड्डी हंग ऐतल्री!"

खरोखरच तो चंद्र बाजारातल्या बटाट्यासारखा दिसत होता. गोल नाही, गुळगुळीत नाही, ठिकठिकाणी खोचा पडलेला. एका अंगाला तर चमच्याने खरवडून काढावा तसा मोठा खड्डा. मुलगी तेव्हा आठवीत होती. तिने विचारले, "पप्पा, इथे लिहिलंय की ह्या खड्ड्याचं नाव स्टिक्नी. हे स्टिक्नी कोण?"

मला सांगता आले नाही. "शोधून सांगतो" म्हणालो. शोधत गेलो आणि एका शिक्षिकेची गोष्ट हाती लागली. त्या गोष्टीने मला माझ्याच घरातले एक जुने कपाट उघडायला लावले. ते शेवटी सांगतो. आधी त्या चंद्राविषयी.

बेळगाव ते खानापूर

आपला चंद्र सुमारे ३,४७५ किलोमीटर व्यासाचा आहे. फोबोस मात्र २७ किलोमीटर लांब, २२ किलोमीटर रुंद आणि १८ किलोमीटर जाड. म्हणजे बेळगावात बस धरून खानापूरला उतरलात, तर एवढ्या प्रवासात या चंद्राचे एक टोक ते दुसरे टोक झाले! स्टिक्नीचा खड्डा सुमारे ९ किलोमीटर व्यासाचा. बेळगाव शहरातून सांबऱ्याच्या विमानतळाकडे निघालो तर जवळपास तेवढेच अंतर होते. आघात थोडा आणखी जबर असता, तर अख्खा चंद्रच फुटला असता.

एवढ्या लहान गोळ्याला स्वतःला ओढून गोल करण्याइतके गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून त्याचा आकार बटाट्यासारखा वेडावाकडा राहिला. पृथ्वीवर ६० किलो भरणारा माणूस तिथे पस्तीस-चाळीस ग्रॅम भरेल. एखाद्या वेगवान गोलंदाजाने तिथे चेंडू टाकला, तर तो परत खालीच येणार नाही, अंतराळात निघून जाईल.

मंगळाच्या पृष्ठभागापासून फोबोस अवघ्या ६,००० किलोमीटरवर आहे. आपला चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही जवळीक कळते. ७ तास ३९ मिनिटांत फोबोसची एक फेरी पूर्ण होते. मंगळ स्वतःभोवती फिरायला साडेचोवीस तासांहून थोडा जास्त वेळ घेतो. चंद्रच ग्रहाच्या पुढे पळत असल्यामुळे मंगळावर उभे राहिले, तर फोबोस पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. शिवाय तो दर शंभर वर्षांना सुमारे पावणेदोन मीटर मंगळाजवळ सरकत आहे. तीन ते पाच कोटी वर्षांत तो एकतर मंगळावर आदळेल किंवा ओढाताणीने त्याचे तुकडे होऊन मंगळाभोवती कडे तयार होईल.

फोटो म्हणजे आकडे

वर्गात मुले नेहमी विचारतात, "सर, एवढ्या लांबून फोटो येतो कसा?" याचे उत्तर सोपे आहे. फोटो येतच नाही, येतात ते आकडे.

मंगळयानावरचा रंगीत कॅमेरा अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात तयार झाला होता. वजन सव्वा किलोच्या आसपास. त्यात फिल्मऐवजी बारीक चौकटींची एक जाळी होती. आडव्या २,०४८ आणि उभ्या २,०४८, म्हणजे जवळजवळ ४२ लाख चौकटी. प्रत्येक चौकटीवर किती प्रकाश पडला, याचा एक आकडा होतो. ते आकडे रेडिओलहरींवरून पृथ्वीकडे निघतात आणि बेंगळूरुजवळच्या ब्यालाळू गावातली ३२ मीटर व्यासाची अँटेना ते पकडते. मग संगणक आकड्यांचे पुन्हा ठिपके करतो आणि ठिपक्यांचे चित्र. आपल्या बायका रांगोळीचे ठिपके मोजून काढतात, तसलाच हा प्रकार.

१ जुलै २०२० रोजी यान मंगळापासून ७,२०० किलोमीटरवर आणि फोबोसपासून ४,२०० किलोमीटरवर होते. तेवढ्या अंतरावरून एका ठिपक्यात २१० मीटर जागा मावली. म्हणजे अख्खा फोबोस जेमतेम शंभर-सव्वाशे ठिपक्यांच्या रुंदीत बसला. सहा चित्रे एकत्र करून इस्रोने ते छायाचित्र तयार केले. सहा महिन्यांसाठी पाठवलेले हे यान २०१४ पासून २०२२ पर्यंत काम करत राहिले. २०२२ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला.

आकड्यांवरून चित्र काढण्याची एक जुनी हकिगत आहे. जुलै १९६५ मध्ये अमेरिकेचे मरिनर-४ यान मंगळाजवळून गेले. त्याचे पहिले चित्र संगणकातून बाहेर पडायला वेळ लागत होता. तिथल्या अभियंत्यांना दम निघेना. त्यांनी आकड्यांच्या छापील पट्ट्या भिंतीवर शेजारीशेजारी लावल्या, रंगीत खडू आणले आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग हे ठरवून हातानेच चित्र रंगवले. दुसऱ्या ग्रहाचे यानाने पाठवलेले पहिले जवळचे चित्र असे माणसांच्या हातांनी रंगवलेले आहे.

फोबोसची पाळी आली ती १९७१ मध्ये, आणि तीही एका अडचणीमुळे. मरिनर-९ यान नोव्हेंबरमध्ये मंगळाजवळ पोहोचले, तेव्हा सगळ्या ग्रहावर धुळीचे वादळ उठले होते. खाली काहीच दिसेना. वादळ ओसरेपर्यंत यानाने कॅमेरा मंगळाच्या दोन चंद्रांकडे वळवला. दुर्बिणीतून तोपर्यंत जो फक्त एक प्रकाशाचा बिंदू होता, त्याचे खड्डे पहिल्यांदा माणसाने पाहिले.

पुढे १९७७ मध्ये व्हायकिंग यान शंभर किलोमीटरच्या आत गेले. त्या चित्रांत फोबोसच्या अंगावर लांबच लांब समांतर चऱ्या दिसल्या, नांगर फिरवलेल्या शेतासारख्या. शंभर-दोनशे मीटर रुंदीच्या या चऱ्या कशामुळे पडल्या, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. काही म्हणतात, स्टिक्नीच्या आघाताने उडालेले धोंडे गडगडत गेले त्यांच्या या खुणा. काही म्हणतात, मंगळाच्या ओढीने फोबोसचे अंग ताणले जात आहे. २३ मार्च २००८ रोजी अमेरिकेच्या आणखी एका यानाने ६,८०० किलोमीटरवरून इतके स्पष्ट चित्र घेतले, की एका ठिपक्यात सात मीटरहून कमी जागा आली. त्यात स्टिक्नीच्या कडेची माती निळसर दिसते आणि आतल्या उतारावर दरड घसरल्याच्या रेषाही दिसतात. वाऱ्या-पावसाशिवायची दरड! मी ते चित्र वर्गात दाखवतो तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा पुढे येतात.

सुताराची शिक्षिका

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. हे स्टिक्नी कोण?

अँजेलिन स्टिक्नी ही न्यूयॉर्क राज्यातल्या एका गरीब शेतकऱ्याची मुलगी. जन्म १८३० चा. त्या काळात अमेरिकेतही मुलींनी महाविद्यालयात जाणे ही नवलाची गोष्ट होती. मॅकग्रॉव्हिल गावच्या एका महाविद्यालयात मुलींना आणि कृष्णवर्णीयांनाही प्रवेश मिळत असे. तिथे ती शिकली आणि शिकता शिकता शिकवूही लागली. १८५५ मध्ये ती पदवीधर झाली.

तिच्या वर्गात असाफ हॉल नावाचा एक विद्यार्थी होता. लहानपणी वडील वारले म्हणून त्याला सुतारकाम धरावे लागले होते. उशिरा शिकायला आलेल्या या सुताराला अँजेलिनबाई भूमिती आणि जर्मन शिकवत. हॉल आणि त्याचे मित्र मुद्दाम अवघड गणिते शोधून आणत. बाईंना एक तरी सुटणार नाही, अशी त्यांची पैज असे. पण प्रत्येक गणित बाई सोडवून देत. १८५६ मध्ये या शिक्षिकेने त्याच विद्यार्थ्याशी लग्न केले.

हॉल यांना खगोलशास्त्राची गोडी होती. १८५७ मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत नोकरी मिळाली, पगार आठवड्याला ३ डॉलर. संसार ओढाताणीचा होता. वेधशाळेचे काम म्हणजे निम्मे दुर्बिणीतून बघणे आणि निम्मे आकडेमोड. आकडेमोडीत अँजेलिनबाई नवऱ्यापेक्षा पुढेच होत्या. त्या घरी बसून त्यांची गणिते करून देत. मग एक दिवस त्यांनी सांगितले, हेच काम करणाऱ्या पुरुषाला जी मजुरी मिळते, ती मला मिळावी. हॉल यांनी नकार दिला. बाईंनी आकडेमोड करणे सोडून दिले.

भांडणाचे पुढे काय झाले, हे कुठे वाचायला मिळाले नाही. संसार मात्र चालू राहिला. चार मुलगे झाले. त्यांना बाईंनी स्वतः घरी शिकवले. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत हॉल साहाय्यक होते, तेव्हा प्राध्यापकपदासाठी वेधशाळेच्या प्रमुखांना पत्र लिहिले तेही बाईंनीच, नवऱ्याला न सांगता. १८६३ मध्ये ते पद हॉल यांना मिळाले.

ऑगस्ट १८७७

१८७७ च्या ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या खूप जवळ आला होता. नौदल वेधशाळेत २६ इंची दुर्बीण होती. भिंगाची एवढी मोठी दुर्बीण त्या वेळी जगात दुसरी नव्हती. मंगळाला चंद्र असेल का, हे हॉल यांनी शोधायला घेतले. याआधी इतरांनी प्रयत्न करून सोडून दिला होता. अडचण होती ती मंगळाच्या तेजाची. मोटारीच्या दिव्याशेजारी काजवा शोधण्यासारखे ते काम. म्हणून हॉल मंगळाला दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्राबाहेर ठेवून त्याच्या अगदी कडेने शोध घेत.

रात्रीमागून रात्री गेल्या. काही सापडेना. चंद्र मिळण्याची आशा इतकी कमी वाटत होती, की पत्नीने धीर दिला नसता तर मी शोध सोडूनही दिला असता, असे हॉल यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवले. हा कबुलीजबाब त्यांनी दिला म्हणून आज आपल्याला ही गोष्ट ठाऊक आहे.

११ ऑगस्टच्या रात्री मंगळाशेजारी एक अंधूक ठिपका दिसला. तोच पोटोमॅक नदीवरून धुके उठले आणि सारे झाकले. पुढचे काही दिवस ढगाळ गेले. १६ ऑगस्टला तो ठिपका पुन्हा दिसला आणि मंगळाबरोबरच सरकत असल्याचे लक्षात आले. तो मंगळाचा बाहेरचा चंद्र, डायमॉस. १७ ऑगस्टच्या रात्री आतला चंद्र दिसला, तो फोबोस. हा इतका वेगाने फिरतो की एकाच रात्री कधी या बाजूला, तर कधी त्या बाजूला दिसे. आत दोन-तीन चंद्र असावेत, असे हॉल यांना आधी वाटले होते.

फोबोस म्हणजे भय आणि डायमॉस म्हणजे धास्ती. ग्रीक पुराणातल्या युद्धदेवाचे हे दोन पुत्र. गंमत म्हणजे मंगळाला दोन चंद्र आहेत असे जोनाथन स्विफ्टने १७२६ मध्येच 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये कल्पनेने लिहून टाकले होते. त्याचा मान म्हणून फोबोसवरच्या बऱ्याच खड्ड्यांना त्या पुस्तकातली नावे आहेत.

मोठा खड्डा कुणाचा?

मरिनर-९ ची चित्रे आल्यावर या खड्ड्यांना नावे द्यायची वेळ आली. १९७३ मध्ये सर्वांत मोठ्या खड्ड्याला नाव मिळाले 'स्टिक्नी'. असाफ हॉल यांच्या नावाचाही खड्डा फोबोसवर आहे. तो साधारण ५ किलोमीटरचा, म्हणजे बायकोच्या खड्ड्याच्या जवळपास निम्मा!

मला विशेष वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. खड्ड्याचे नाव 'मिसेस हॉल' असे नाही, 'अँजेलिन'ही नाही. ते त्यांच्या माहेरचे आडनाव आहे, ज्या आडनावाने त्या वर्गावर शिकवत होत्या ते. हॉलच्या घरात येण्याआधीच त्या गणिती होत्या. आपल्याकडे लग्नात मुलीचे नावसुद्धा तांदळात लिहून बदलण्याची रीत होती. माझ्या आजीचे माहेरचे नाव काय, हे आम्हा नातवंडांना तिच्या बाराव्याच्या दिवशी कळले.

अँजेलिनबाई १८९२ मध्ये वारल्या. त्यांच्या अँजेलो नावाच्या मुलाने १९०८ मध्ये आईचे चरित्र लिहिले. त्याचे नाव 'ॲन ॲस्ट्रॉनॉमर्स वाइफ', म्हणजे 'खगोलशास्त्रज्ञाची पत्नी'. मुलाने इतक्या मायेने लिहिले, तरी शीर्षकात आईचे माहेरचे नाव आले नाही. ते यायला आणखी ६५ वर्षे आणि एक अंतराळयान लागले.

आमच्या कपाटातला अहवाल

आता त्या जुन्या कपाटाविषयी.

२०११ मध्ये मी खानापूर तालुक्यातल्या पर्जन्यमानावर एक लघु संशोधन प्रकल्प केला होता. तीस वर्षांच्या पावसाच्या नोंदी होत्या. बऱ्याच नोंदी हाताने लिहिलेल्या, कन्नडमध्ये, काही तर कन्नड आकड्यांत. मला कन्नड बोलता येते, पण हस्ताक्षर वाचताना अडखळतो. सौ. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. मुलीला झोपवून ती रोज रात्री दोन-दोन तास बसायची. नोंदी वाचून द्यायची, बेरजा करायची, महिन्यांच्या सरासऱ्या काढायची. एका वर्षाचा जून महिना मी चुकीचा उतरवला होता, तो तिनेच पकडला. ती चूक तशीच गेली असती तर सगळा निष्कर्ष बिघडला असता.

अँजेलिनबाईंची गोष्ट वाचून झाल्यावर मी तो अहवाल कपाटातून काढला. ऋणनिर्देशाचे पान उघडले. प्राचार्यांचे आभार होते. ग्रंथपालांचे होते. डीटीपी करणाऱ्याचेही होते, अगदी नावानिशी. सौ.चे नाव नव्हते. विसरलो असेही म्हणता येत नाही. घरच्या माणसाचे काय आभार मानायचे, असा विचार केल्याचे मला चांगले आठवते.

रात्री जेवताना मी मुलीला स्टिक्नी कोण ते सगळे सांगितले. मजुरी मागितल्याचेही सांगितले. सौ. भात वाढत होती. ती म्हणाली, "त्या बाईनं मागितली तरी. मला तर सुचलंसुद्धा नव्हतं." एवढेच बोलून तिने विषय बदलला. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी एक चिठ्ठी टाइप केली. या अहवालातील सर्व आकडेमोड आणि कन्नड नोंदींचे वाचन कुणी केले, ते तिच्या नावानिशी लिहिले. नावापुढे शिक्षण लिहिले. घरच्या प्रतीत ती चिठ्ठी चिकटवली. कॉलेज उघडल्यावर ग्रंथालयातल्या प्रतीतही रीतसर परवानगी घेऊन चिकटवली. नऊ वर्षे उशीर झाला होता, पण निदान त्या दोन प्रतींत तरी आता खरे काय ते लिहिलेले आहे.

हा लेख लिहिताना तिचे नाव घालू का, म्हणून विचारले. ती म्हणाली, "पेपरात नको. जिथे काम केलं तिथे लिहिलंत, पुरे झालं." म्हणून इथे लिहिले नाही.

जपानने फोबोसवर उतरून तिथली माती पृथ्वीवर आणण्याची मोहीम आखली आहे. ती पार पडली, तर फोबोसची आणखी कितीतरी चित्रे आपल्याला वर्तमानपत्रांत बघायला मिळतील. त्यात तो मोठा खड्डा दिसेलच. तेव्हा घरातल्या मुलांना बोलवा आणि स्टिक्नी कोण होत्या ते सांगा. आणि तुमच्या घरात जर एखादा प्रबंध, दुकानाची जुनी खातेवही, पंचांगाची आकडेमोड किंवा छापील वंशावळ असेल, तर ती एकदा उघडून बघा. त्यातले काम कुणाचे आणि नाव कुणाचे, हे विचारणारे माणूस घरात असते. आमच्या घरी ती आठवीतली मुलगी होती.